सपकाळे, तिसऱ्या फेरीत

गुरुवारी सकाळी साडेसातला तुळशीराम सपकाळेने डावीकडून आलेला एक ढिला ठोसा तोंडावर घेतला आणि मी वहीत चौथी खूण केली.

"काय लिहून राहिला रे बोंडे?" बऱ्हाटे मास्तरांनी रिंगच्या दोरीवर कोपरं टेकून विचारलं.

"ठोसे मोजतोय, मास्तर."

"मारलेले का खाल्लेले?"

"दोन्ही."

"खाल्लेले नको मोजू. आज तो मुद्दाम खाऊन राहिला. समोरच्याला जरा धीर यावा म्हणून."

समोरचा म्हणजे क्लबचाच एक मिडलवेट, तुळशीरामपेक्षा सतरा किलोंनी हलका. त्याला धीर आलेला दिसत नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाला आपला हात कसा लागतोय या विचाराने तो भांबावला होता. मी चारही खुणांपुढे लहान अक्षरात 'डा' लिहिलं. उजवीकडून आलेला एकही ठोसा तुळशीरामने खाल्ला नव्हता.

हे भुसावळचं, जुन्या जिनिंगच्या गोदामातलं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि 'दैनिक तापीतीर'चं खेळाचं पान एकट्याने काढत होतो. त्या वर्षी बॉक्सिंगच्या दोन संघटनांचं भांडण टोकाला गेलं होतं आणि दोघींनी आपापला हेवीवेट विजेता जाहीर केला होता. एकीचा आमचा तुळशीराम, दुसरीचा नागपूरचा मोरेश्वर गेडाम. शेवटी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी ठरवलं, की दोघांना एकदाचं लढवा, जिंकेल तो राष्ट्रीय शिबिराला जाईल. लढत रविवारी, भुसावळला. आणि शनिवारच्या अंकात माझी चौकट जाणार होती.

चौकटीचं नाव 'आमचा अंदाज'. मोठ्या लढतीआधी मी दोन्ही खेळाडूंचा सराव बघायचो, ठोसे मोजायचो, श्वास किती वेळात खाली बसतो ते घड्याळ लावून पाहायचो, आणि मग विजेत्याचं नाव लिहायचो. फेरीसुद्धा लिहायची, हा आमचे संपादक काळकर यांचा नियम. लागोपाठ नऊ अंदाज बरोबर आले होते. पानाच्या टपरीवर लोक मला थांबवून नाव विचारत. मी सांगत नसे.

सराव संपल्यावर मी तुळशीरामच्या डाव्या बाजूला उभा राहिलो आणि काही न बोलता टॉवेल पुढे धरला. त्याने घेतला नाही. तो समोर बघत हाताच्या पट्ट्या सोडत राहिला.

"टॉवेल," मी म्हणालो.

त्याने सबंध मान वळवली, टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही लिहिलं नाही. पण मला कळलं आणि मला कळल्याचं त्यालाही कळलं.

शुक्रवारी साडेअकराला तो कचेरीत आला. त्याच्या अंगाच्या माणसाला आमच्या दारातून जरा तिरकं व्हावं लागे. छपाईची अक्षरं लावणारे जुळारी हातातले खिळे टाकून त्याच्याकडे बघत राहिले.

"चहा पाजतो का, बोंडे भो?"

कोपऱ्यावरच्या हॉटेलात तो भिंतीला डावा खांदा लावून बसला. चहा बशीत ओतला.

"कोनाचं नाव टाकतो?"

"अजून ठरलं नाही."

"गेडामचं टाक."

मी हसलो. "काबरं?"

"असंच. दहा वेळा कोनी बरोबर येते का?"

"तुळशीराम, तुला डावीकडचं दिसत नाही."

बशी ओठांपर्यंत गेली होती. त्याने ती तशीच धरून घोट घेतला, मग खाली ठेवली.

"दिसते. थोडं थोडं." मग म्हणाला, "पहिले काळे ठिपके यायचे. चिलटं उडल्यावानी. आता कोपऱ्यातून पडदा खाली येऊन राहिला. आर्धा आला."

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. औरंगाबादच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरची. मास्तरांना मावसभावाचं लग्न सांगून तो सोमवारी जाऊन आला होता. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया करायची, तोवर डोक्याला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते त्याला मराठीत सांगितलं.

"म्हाईत हाय. त्यानं तोंडानं सांगितलं. आनखी एक बसला का डोळा गेला म्हन्ते."

"मग लढू नको."

"आन् बांगड्या कोन भरीन? तू?"

बांगड्या कसल्या, ते मला ठाऊक होतं. हीच लढत आदल्या वर्षी व्हायची होती. गेडामने आठ दिवस आधी माघार घेतली आणि डॉक्टरचा दाखला पाठवला. आमच्याकडे आखाड्यातून माघार घेणाऱ्याला बांगड्यांचा आहेर पाठवायची जुनी रीत आहे. क्लबने ती मनापासून पाळली. हिरवा चुडा, लुगडं, खण, नारळ, सगळं बांधून नागपूरला पार्सल केलं. दाखला एका गाढवाच्या गळ्यात अडकवून ते गाढव बाजारातून फिरवलं. पार्सल हातात धरून उभ्या असलेल्या तुळशीरामचा फोटो आम्ही पहिल्या पानावर छापला होता. खालची ओळ माझी होती: 'गेडाम यांना भुसावळकरांचा आहेर.'

"त्याले टायफाईड व्हता," तुळशीराम म्हणाला. "खरंच व्हता. मले मागून कळलं."

"मास्तरांना तरी सांग."

"मास्तर मानतीन. रडतीन बी. पन गावाले काय सांगतीन? कागद दाखवतीन? कागदाचं काय करते गाव, आपन दोघांनी पाह्यलं ना."

"वच्छलाबाईंना माहीत आहे?"

"नाही." बायकोचं नाव निघाल्यावर त्याने बोटाने बशी फिरवली. "हे छापू नको भो. कोनाले सांगू बी नको."

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. समोरचा माणूस 'छापू नका' म्हणाला, की पेन बंद. पुढे कोणी कितीही दाबलं, तरी ते आपल्याकडून बाहेर जात नाही. मला काळकरांनी शिकवलं होतं आणि पाच वर्षांत मी एकदाही चुकलो नव्हतो. माझ्याजवळ खेळाडू मोकळेपणाने बोलत, ते त्यामुळेच. मी पेनाला टोपण लावलं आणि वही खिशात घातली.

"माझ्याकडून जाणार नाही."

तो माझ्या खिशाकडे बघत होता.

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," तो म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर पाहिलं तर चिठ्ठी बशीखाली तशीच होती. मी सायकल काढली, जोरात मारली आणि रेल्वे फाटकाजवळ त्याला गाठलं. "विसरला होतास."

त्याने चिठ्ठी घेतली. तिची घडी घातली, आणखी एक घातली.

"तू लई इमानदार हाय, बोंडे."

मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

खेळाचं पान पाचला जायचं. अडीचला मी कागद पुढे ओढला आणि साडेतीनपर्यंत चौकटीत एवढंच लिहिलं होतं, की लढत चुरशीची होईल आणि दोघांनाही समान संधी आहे. काळकरांनी ते वाचलं आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"हे काय आहे? राशिभविष्य?"

"साहेब, या वेळी चौकट नको. नुसता परिचय देऊ दोघांचा."

"आठवडाभर जाहिरात केली आहे. नाव लिहा. फेरी लिहा."

"साहेब, एक विचारू? एखादी गोष्ट कळली आणि सांगणारा 'छापू नका' म्हणाला असेल तर?"

"तर ती कळलेली नाही."

"आणि कोणाचं मोठं नुकसान होणार असेल?"

काळकरांनी चष्मा काढला. ते वाईट संपादक नव्हते. "कोणाच्या जिवावर बेतणारं आहे का? तसं असेल तर शब्द मोडायचा. मी मोडला आहे एकदा."

मी विचार केला. मला नेमकं उत्तर द्यायची सवय होती.

"जिवावर नाही," मी म्हणालो.

"मग कळलेली नाही. पाच वाजता पान जातं."

मी जागेवर येऊन बसलो. गेडामचं नाव लिहिलं तर संध्याकाळच्या आत मास्तर दारात उभे राहणार. सराव तूच पाहिलास, काय पाहिलंस ते सांग, म्हणणार. मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे गेडामचं नाव लिहिणं आणि चिठ्ठी छापणं यात फारसा फरक नव्हता. तुळशीरामचं लिहिलं, तर मी त्याला स्वतःच्या हाताने रिंगमध्ये ढकलत होतो. दोन्हीकडून दार बंद होतं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेव्हा मी स्वतःला एक प्रश्न विचारला, आणि तो मला फार सचोटीचा वाटला. सकाळची ती चहाची बशी मध्ये आलीच नसती, तर मी काय लिहिलं असतं? ठोसे, श्वास, वजन, हाताची लांबी, गेल्या सहा लढती. त्यांचं उत्तर स्वच्छ होतं. गेडाम पहिल्या दोन फेऱ्या घेईल. तिसरीत त्याचे पाय जड होतात. सपकाळे, तिसऱ्या फेरीत.

मी तेच लिहिलं. दीडशे शब्द झाले. काळकरांनी एक स्वल्पविराम हलवला आणि पान गेलं.

शनिवारी मी कचेरीतून बाहेर पडलो नाही. दुपारी मास्तरच आले. चौकट कापून गोदामाच्या दारावर चिकटवली आहे, गाव वाचायला येतं आहे, असं सांगत होते. त्यांनी तुळशीरामला नदीवर पोहणारा दहा वर्षांचा पोर असताना उचललं होतं आणि आपल्या घरी जेवू घातलं होतं. त्यांना पोरंबाळं नव्हती.

"तुळशीरामच्या घरी ये जेवायला म्हणून सांगितलं आहे वच्छलेनं, सोमवारी," ते म्हणाले. "जिंकल्याचं जेवण. तू तर आधीच जिंकवून बसला."

रविवारी लढत पाचला होती. चार वाजता मैदानाशेजारच्या शाळेच्या वर्गात तपासणी झाली. डॉक्टर गावातलेच होते, दवाखाना उघडा टाकून हौसेने आले होते. त्यांनी नाडी पाहिली, छाती ऐकली, जीभ बघितली, जुन्या जखमा विचारल्या. मग दोन बोटं समोर धरली.

"किती?"

"दोन," तुळशीराम म्हणाला. दोन्ही डोळे उघडे होते. एक झाकायला त्यांनी सांगितलं नाही.

मी दारात उभा होतो. डॉक्टरांनी पेन काढता काढता माझ्याकडे पाहिलं.

"काय पत्रकार, तुमचा अंदाज खरा व्हायला काही अडचण नाही ना? असेल तर आत्ताच सांगा, सही करतोय."

वर्गात हशा झाला. मास्तरही हसले. तुळशीराम हसला नाही. तो स्टुलावर उघड्या अंगाने बसला होता आणि मान वळवून सरळ माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, तो मला शब्दाची आठवण देतोय.

"माझ्याकडून काही नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सही केली.

लढतीबद्दल मी तेव्हा तीन रकाने लिहिले होते. इथे तेवढी गरज नाही. त्या काळी डोक्याला कवच बांधत नसत. पहिल्या फेरीत गेडामचा उजवा हात अकरा वेळा तुळशीरामच्या डाव्या कानशिलावर आणि गालावर बसला. दुसऱ्या फेरीत चौदा वेळा. गेडामला काही ठाऊक नव्हतं. हात लागतो आहे असं दिसलं, की कोणताही बॉक्सर तोच हात चालवतो. लोक ओरडून ओरडून तुळशीरामला हात वर ठेवायला सांगत होते. मी मोजत होतो. दुसऱ्या खुणेनंतर मी 'डा' लिहिणं सोडून दिलं, कारण सगळेच डावे होते. मधल्या मिनिटात मास्तर त्याच्या डोळ्यावर ओला बोळा दाबत कानात काहीतरी सांगत होते आणि तो मान हलवत होता.

तिसऱ्या फेरीत तो थेट गेडामच्या छातीला छाती लावून उभा राहिला. तिथे डोळ्यांचं काम नसतं. माणूस कुठे आहे ते अंगाला कळतं. गेडामचे पाय जड झाले होते. तुळशीरामने दोन ठोसे बरगड्यांखाली मारले, गेडाम वाकला, आणि जवळून निघालेला आखूड उजवा त्याच्या जबड्यावर बसला. एक मिनिट चाळीस सेकंद. पंचांनी दहा मोजले, तेव्हा गेडाम एका गुडघ्यावर होता.

गाव रिंगमध्ये घुसलं. काही लोकांनी मलाही उचललं. "दहावा, दहावा," असं ते म्हणत होते.

सोमवारच्या अंकात काळकरांनी माझी चौकट पुन्हा छापली, फोटोच्या बाजूला. त्या दिवशीच्या पानात एकही चूक नव्हती.

सोमवारी वच्छलाबाईंकडे जेवण झालं नाही. तुळशीराम सकाळी उठला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यात पूर्ण काळोख होता. औरंगाबादला शस्त्रक्रिया झाली, पण पडदा बसला नाही. गावाने मिरवणूक काढली, मास्तरांनी त्याला बैलगाडीत उभा केला, एका डोळ्यावर पट्टी, गळ्यात हार. सगळ्यांना वाटलं, तिसऱ्या फेरीत लागलं. जिंकताना गेला डोळा, असं लोक अभिमानाने सांगत. शिबिराला गेडाम गेला. मी पुढच्या वर्षी नाशिकच्या एका दैनिकात रुजू झालो आणि अंदाज लिहिणं बंद केलं. कारण विचारलं तर वेळ नाही म्हणायचो.

चौदा वर्षांनी एका लग्नाला सावद्याला गेलो होतो. वऱ्हाड यायला उशीर होता. कोणीतरी म्हणालं, सपकाळे पैलवान इथेच केळीच्या वखारीत मुकादम आहे. मी गेलो. ट्रक भरत होता. तो घड उचलून, फिरवून, चांगला असला तर आत सोडत होता. मास्तर वारल्याचं त्याने सांगितलं. वच्छलाबाई बऱ्या होत्या. दोन मुली, एकीचं लग्न झालेलं. मग आम्ही पाल्याच्या ढिगावर बसलो.

चौदा वर्षं मी एक वाक्य जपलं होतं. त्याला ते ऐकून बरं वाटेल, अशी माझी समजूत होती.

"तुझी ती गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही," मी म्हणालो. "बायकोलासुद्धा नाही."

"म्हाईत हाय." त्याने पाल्याची एक शीर सोलली. "एक इचारू, बोंडे? तुले काय वाटलं, मी तुले काबरं सांगितलं?"

"मन मोकळं करायला."

"मन मोकळं कराले वच्छी व्हती ना घरात. मास्तर व्हते. बाप जिता व्हता तवा. तोंड मिटून बसनाऱ्या मानसांची कमी व्हती का मले?" तो शांतपणे बोलत होता, कोणाला वाट समजावून सांगावी तसा. "मी पेपरवाल्याकडं आलतो."

ट्रकमधल्या माणसाने त्याला हाक मारली. त्याने हात वर करून थांब म्हटलं.

"तू छापू नको म्हणाला होतास," मी म्हणालो.

"म्हनलो. मंग काय म्हनू? छाप म्हनू? म्या सोताच माघार घेतली असं झालं असतं ते." त्याने शीर टाकून दिली. "तू छापलं असतं, तर मास्तरनं मले गोदामात कोंडून घातलं असतं. मी चौकात तुह्या नावानं बोंब मारली असती. बोंड्यानं घात केला, मले लढू देलं नाही, असं साऱ्या गावात सांगितलं असतं. लई शिव्या देल्या असत्या तुले. आन् रातच्या गाडीनं औरंगाबादले गेलो असतो."

ट्रकमधून पुन्हा हाक आली. तो हलला नाही.

"शनिवारी पाहाटे मी थैली भरून बसलतो भो. टॉवेल, धोतर, सारं. मास्तर पेपर घेऊन आले, वाचून दाखवला. मी म्हनलं, मास्तर, आनखी एकदा वाचा. बोंडे हुशार मानूस हाय, कुठंतरी आडून टाकलं असंन." तो उठला आणि अंगावरचा पाला झटकला. "तीन बार वाचाले लावलं त्याहिले."